हवा कोण बघणार?

स्टेपनी लावून झाली होती. जॅक खाली घेऊन मी बोटांवरची काळी धूळ जुन्या फडक्याने पुसत होते, तेवढ्यात भाच्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक गाडी खिळे ठोकलेल्या फळीवरून अगदी निवांत जात होती. तिच्या चाकांना टायरच्या भिंतीच नव्हत्या. मधली रिम आणि बाहेरचा रबरी पट्टा यांच्यामध्ये वाकवलेल्या पट्ट्यांची जाळी, आरपार पलीकडचं दिसेल अशी. चाक फिरलं की जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या दुमडायच्या आणि वर जाताना पुन्हा ताठ व्हायच्या. ‘‘आत्या, ह्यात हवाच नसते,’’ तो म्हणाला. ‘‘मग आपण अजून हे का करत बसतो?’’ ‘हे’ म्हणताना त्याने बसलेल्या टायरला पायाने हलकेच ढकललं. ‘‘महाग असेल,’’ मी म्हटलं. ते उत्तर खोटं नव्हतं, पण त्याने त्याचं समाधान झालं नाही आणि खरं तर माझंही. पोराने प्रश्न सोपा विचारला होता. सव्वाशेहून अधिक वर्षं माणूस चाकात हवा कोंडतोय, ती निसटतेय, आणि तो पुन्हा भरतोय. यात एकदाही कुणाला कंटाळा आला नसेल?

आमच्या लहानपणी पंक्चर काढणं हा सुट्टीच्या सकाळचा कार्यक्रम असायचा. बाबा सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करत. टायरच्या कडेत चमचा सारून तो रिमवरून सोडवायचा, ट्यूब ओढून काढायची, थोडी हवा भरायची आणि पाण्याच्या घमेल्यात बोट-बोट पुढे सरकवत बुडवायची. माझं काम बुडबुडे शोधायचं. पाणी गढूळ, ट्यूब निसरडी, आणि कुठूनतरी सुईच्या टोकाएवढ्या जागेतून बारीक मण्यांची माळ वर यायची. तिथे बोट दाबून धरायचं, सोडायचं नाही. मग कानसेने घासणं, सोल्यूशनचा तो नाकात झिणझिणणारा वास, ते सुकेपर्यंत फुंकर घालायची नाही अशी सक्त ताकीद. पॅच बसला की बाबा पंप मारत आणि मधेच थांबून अंगठ्याने टायर दाबून बघत. किती दाब झाला हे त्यांच्या अंगठ्याला कळायचं. पुढे मी गाडी चालवायला शिकले तेव्हाही निघण्याआधी त्यांचं एकच वाक्य असायचं: ‘‘हवा बघितलीस का?’’ तेलाचं नाही, पाण्याचं नाही, आधी हवेचं.

त्या प्रश्नाचा मला तेव्हा राग यायचा.

भाच्याच्या प्रश्नानंतर मी जरा शोधाशोध केली, वाचलं, थोडा हिशेबही मांडला. पहिली गंमत हवेच्या वजनाचीच निघाली. छोट्या मोटारीच्या एका टायरमध्ये साधारण 25 लिटर जागा असते आणि तिथे बाहेरच्या तिप्पट दाट हवा भरलेली असते. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. चार चाकांची मिळून अर्धा किलोसुद्धा नाही, आणि तिच्यावर बाराशे किलोंची गाडी, माणसं, सामानसुमान असं सगळं तरंगत असतं. प्रत्येक चाक रस्त्याला टेकतं ती जागा तळहाताएवढी. तीनशे किलो भार, दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास दाब. भागाकार केला की आकडा सव्वाशे-दीडशे चौरस सेंटिमीटरपाशी येतो. ताशी शंभरच्या वेगाने वळण घेताना आपण चार तळहातांवर असतो, हे एकदा डोक्यात बसलं की पुढची काही वळणं जरा जपूनच घेतली जातात.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. मला वाटायचं, गाडी खालच्या हवेवर बसलेली असते. तसं नसतं. आतली हवा टायरच्या भिंतींना सगळीकडून बाहेर ताणून धरते, आणि त्या भिंतींतले धागे रिमला चहूबाजूंनी ओढत असतात. खालच्या बाजूला टायर दबतो, तिथली ओढ कमी होते. वरची ओढ तशीच राहते. म्हणजे रिम झोपाळ्यात बसल्यासारखी वरून टांगलेली असते. बिनहवेच्या चाकांची रचना करणाऱ्यांनी नेमकं हेच उचललं आहे. त्यांच्या जाळीतल्या वरच्या पट्ट्या ताणल्या जातात, भार त्या घेतात आणि खालच्या नुसत्या दुमडून वाट देतात. भाच्याच्या व्हिडिओत मला खालच्या पट्ट्याच काम करताहेत असं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या त्या क्षणी जवळपास सुट्टीवर असतात. कल्पना सुंदर आहे. हवेचं काम हवेशिवाय, पण हवेच्याच पद्धतीने.

मग अडचण कुठे आहे? अडचण ही की हवा थकत नाही. तिला कितीही वेळा दाबा, सोडा, ती जवळजवळ जेवढं घेतलं तेवढं परत देते. प्लास्टिक, रबर, राळ, काचतंतू यांचं तसं नाही. वाकताना घेतलेल्या ऊर्जेतला काही भाग ते उष्णता म्हणून ठेवून घेतात. मोटारीच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर एका किलोमीटरला पाचशे फेरे होतात. चाळीस हजार किलोमीटर टायर चालायचा तर प्रत्येक पट्टी दोन कोटी वेळा वाकून सरळ व्हायला हवी. उन्हात, पावसात, खड्ड्यात, कडेच्या दगडावर आपटून, आणि बहुतेक वेळा तिच्याकडे कुणाचं लक्ष नसताना. मी स्टीलची तार हातात धरून वाकवते तेव्हा ती दहा-बारा वेळांत तुटते. अर्थात या पट्ट्या इतक्या वाकत नाहीत आणि त्यांचे पदार्थही वेगळे असतात. पण दोन कोटी हा आकडा काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

आवाजाचंही तसंच. शंभरच्या वेगाने चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं. समजा त्यात साठ पट्ट्या आहेत, तर सेकंदाला आठशेहून जास्त वेळा एकेक पट्टी दुमडते आणि उलगडते. आठशे म्हणजे कानाला स्पष्ट ऐकू येणारा सूर. हवेच्या टायरलाही आवाज असतो, पण तो रस्त्याच्या खरखरीचा, विस्कटलेला. एकच सूर तासन् तास कानावर पडत राहणं ही वेगळी गोष्ट. मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीने 2005 साली आपला ट्विल हा पहिला असा टायर लोकांपुढे आणला तेव्हा सुरुवातीच्या नमुन्यांची हीच तक्रार होती: ऐंशीच्या वर वेग गेला की थरथर, गुणगुण आणि उष्णता. सगळं तंत्रज्ञान ऐंशीच्या काट्यापाशी येऊन थबकावं, आणि आपण तर रोज तो काटा ओलांडणारे.

मजा म्हणजे हवेच्या टायरचा इतिहासही असाच माघारी-पुढे जात आला आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने 1845 मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. वय अवघं तेवीस. रबरी कापडाची नळी, वरून चामड्याचं आवरण, आणि ते घोडागाड्यांना बसवून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये प्रात्यक्षिकही झालं. घोड्याला ओढायला सोपं, बसणाऱ्याला सुखाचं. पण त्या काळी पातळ रबर मिळायची मारामार, त्यामुळे गोष्ट तिथेच राहिली. हाच थॉमसन पुढे 1867 मध्ये वाफेवर चालणाऱ्या अवजड रस्तागाड्यांसाठी भरीव रबराच्या टायरचं पेटंट घेतो! ज्याने हवा चाकात घातली त्यानेच ती काढली, कारण समोर गाडी वेगळी होती. नंतर बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप 1888 मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना नव्याने शोधून काढतो. थॉमसनचं नाव त्याच्या कानावरही आलेलं नसतं. 1891 मध्ये मिशलिन बंधू सहज काढता-घालता येणारा सायकलचा टायर करतात, आणि 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार उतरवतात. ती वाटेत पुन्हा पुन्हा पंक्चर होते. लोक हसले असणारच. आज हवा काढून टाकायच्या मागे सगळ्यात हट्टाने कोण लागलं आहे, तर तीच कंपनी.

2019 मध्ये तिने जनरल मोटर्सला सोबत घेऊन अप्टिस नावाचं चाक दाखवलं. अॅल्युमिनियमची रिम, काचतंतू मिसळलेल्या राळेच्या लवचीक पट्ट्या, बाहेरून नेहमीचं रबर. 2024 पर्यंत ते साध्या प्रवासी मोटारींना मिळेल असं तेव्हा ठरलं होतं. ते साल येऊन गेलं. तुमच्या-माझ्या गाडीसाठी ते चाक विकायला आलेलं नाही. त्याचा मला राग नाही, उलट थोडं बरंच वाटलं. गाडी रस्त्याला जिथे टेकते तिथे घाई करणारा कारखाना मला नको आहे.

तोवर बिनहवेची चाकं चाललीत कुठे, हे बघितल्यावर मात्र मी थबकले. गवत कापायच्या मोठ्या यंत्रांना. बांधकामावरच्या छोट्या लोडरना. तिथे तर सळ्या, खिळे, फुटक्या विटा हाच रस्ता असतो आणि वेग फार कमी. 2014 पासून अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनात अशा टायरांचा खास कारखाना आहे. सिंगापुरात 2023 मध्ये डीएचएल या कुरियर कंपनीच्या पन्नासेक पार्सल व्हॅननी अप्टिस घातले, फ्रान्सच्या टपाल खात्याच्या गाड्यांनी त्यानंतर. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात 2021 मध्ये गुडइयर या टायर कंपनीने आपले बिनहवेचे टायर चालकाशिवाय धावणाऱ्या शटल बसला लावून पाहिले. आणि सगळ्यात लांबचं उदाहरण चंद्रावरचं. 1971 च्या सुरुवातीला अपोलो 14 च्या अंतराळवीरांनी अवजारांची हातगाडी ओढत नेली, तिला नायट्रोजन भरलेले रबरी टायर होते. त्याच वर्षी काही महिन्यांनी अपोलो 15 ची मोटार उतरली ती मात्र तारेच्या विणलेल्या चाकांवर. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा आणि धुळीत पकड मिळायला वरून टायटॅनियमच्या पट्ट्या. हातगाडीला हवा चालली, मोटारीला नाही चालली. तिथे पंक्चर झालं असतं तर कोण काढणार होतं?

ही यादी वाचताना मला बाबांचा प्रश्न आठवला आणि एकदम सगळं एका ओळीत आलं. गवताचं यंत्र, भाड्याचा लोडर, पार्सलची व्हॅन, चालक नसलेली बस, चंद्र. या सगळ्यांत हवा बघणारं कुणी नाही. कुठे माणूसच नाही, कुठे आहे पण गाडी त्याची नाही, कुठे त्याच्या मिनिटा-मिनिटाचा हिशेब दुसरा कुणी ठेवतो. हवेचा टायर एवढा स्वस्त आणि एवढा चांगला आहे याचं कारण हवा फुकट मिळते हे नव्हेच. त्याच्यासोबत एक माणूस फुकट मिळत आला आहे. सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारणारा, टायरला टाच मारून बघणारा, महिन्याला हवेचा दाब एखादा पीएसआय (दाबाचं माप) उतरतो हे जाणणारा, थंडी पडली की तो आणखी उतरतो हेही जाणणारा. हा माणूस कुठल्याच कंपनीच्या खर्चात धरलेला नसतो. त्याला वजा करा, की दोन कोटी वेळा वाकणारी पट्टी परवडायला लागते.

आणि तो माणूस वजा होतोच आहे. मी स्वतःही. नव्या गाड्यांत दाब कमी झाला की समोर पिवळा दिवा लागतो. अमेरिकेत 2007 पासून आणि युरोपात 2014 पासून नव्या गाड्यांना ती सोय सक्तीची आहे. दिवा लागेपर्यंत मी वाकून बघत नाही. बाबांचा अंगठा आता एका संवेदकात बसला आहे. पण त्या दिव्याने हवेला जीवदान दिलं असंही मला वाटतं. लक्ष देण्याचं काम एवढ्या स्वस्तात यंत्राकडे सोपवता आलं नसतं, तर हवा कदाचित याआधीच हद्दपार झाली असती. मधे पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावणारे जाड भिंतींचे टायर आले. ऐंशी किलोमीटर, तेही ऐंशीच्या आत. ज्यांनी वापरले त्यांना आधी त्यांचा कडकपणा आठवतो, मग सोय.

कडकपणावरून बाबांची खुर्ची आठवते. शेवटच्या काळात त्यांना चाकाची खुर्ची लागली आणि आम्ही मुद्दाम भरीव टायरची घेतली. करडं रबर, फरशीवर डाग न पाडणारं, पंक्चरची कटकट नाही. घरात औषधांच्या वेळा, पथ्यं, रात्रीची जागरणं. त्यात चाकाची हवा बघायला कुणाला सवड होती? निर्णय योग्यच होता, आजही तोच घेईन. पण फरशांच्या जोडावरून खुर्ची गेली की प्रत्येक जोड त्यांच्या मनगटात उमटायचा. हातांवर ठेवलेला पेपर थरथरायचा. उंबरठ्याशी मी खुर्ची मागे कलवून अलगद उतरवत असे, तरी एक हिसका बसायचाच. एकदा ते म्हणाले, ‘‘ह्यात हवा नाही ना.’’ तक्रार नव्हती. निदान होतं. ज्याने जन्मभर अंगठ्याने दाब ओळखला, त्याला पाठीच्या मणक्यांनीही ओळखता आला. कुणाची सोय आणि कुणाचे हिसके, हे त्या दिवसांत मला फार जवळून दिसलं.

नव्या जाळीदार चाकांना भरीव टायरच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल, ती कितीतरी मऊ असतात. तरी एक गोष्ट दोघांत सारखी आहे. मऊपणा किती हे कारखान्यात ठरतं आणि मग ठरलेलंच राहतं. हवेचं तसं नाही. चौघं बसणार, मागे सामान भरणार म्हणून मी निघण्याआधी दोन-तीन पीएसआय वाढवते. वाळूत गाडी रुतली तर माणसं हवा सोडतात. टायर पसरतो, तळहाताचा पंजा होतो आणि गाडी निघते. शेतातल्या ट्रॅक्टरला एक दाब, डांबरी रस्त्यावर दुसरा. एका फुकटच्या वायूने आपल्याला एकाच चाकात कितीतरी चाकं दिली आहेत. पट्ट्यांचं चाक सगळ्यांसाठी एकच सरासरी घेऊन येतं. शिवाय ते उघडं असतं. आत चिखल जाऊन वाळला, गोटा अडकला, बर्फ गोठला, की चाकाचा तोल बिघडलाच. बाजूंना पडदा लावता येतो म्हणे. लावला की मग आतली पट्टी तुटलेली कशी दिसणार?

दुसऱ्या बाजूने बोलायचं तर ओझं हवेच्या पारड्यातही कमी नाही. मिशलिनच्या हिशेबाप्रमाणे जगातल्या टायरांपैकी सुमारे एक पंचमांश टायर पुरते झिजायच्या आधीच फेकले जातात, पंक्चरमुळे, भिंत फाटल्यामुळे किंवा चुकीच्या दाबावर चालवल्यामुळे. आकडा विकणाऱ्याचा आहे, तेव्हा थोडं हातचं राखून घ्यावा. पण कुठल्याही टायरवाल्याच्या मागचा ढीग बघितला की तो फार खोटाही वाटत नाही. नक्षी अजून खोल, आणि बाजूला बोटभर चीर. तेवढ्यासाठी ते सगळं रबर, पोलाद, कापड बाद. बिनहवेच्या चाकाचं वरचं रबर झिजल्यावर तेवढंच बदलता आलं, खालचा सांगाडा तसाच वापरता आला, तर मी सगळ्या गुणगुणीसकट त्याच्या बाजूने मत देईन. शिवाय रात्री सुनसान रस्त्याच्या कडेला, एकटीने, फोनच्या उजेडात नट सोडवणाऱ्या कुणालाही हवेचं कौतुक सांगायला जाऊ नये. मी त्या जागी उभी राहिले आहे. तेव्हा मला कविता सुचली नव्हती.

भाचा मोठा होईल तेव्हा त्याची गाडी बहुधा त्याची नसेल. बोलावली की दारात येईल, उतरला की दुसऱ्याकडे जाईल. तिच्याभोवती सकाळची चक्कर कुणी मारणार नाही, आणि तिच्या चाकांत हवा नसेल हे मला आता जवळजवळ पटलं आहे. ते चाक हवेपेक्षा सरस ठरलं म्हणून नसेल. हवेला लागणारा माणूस तोवर गाडीपासून लांब गेलेला असेल म्हणून असेल. त्याला मी हे असंच सांगितलं. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे येणारच ना शेवटी?’’ येणार. पण माझ्या गाडीला मी ते घालायच्या आधी मला एक वेगळा व्हिडिओ हवा आहे. आजवर पाहिलेल्या सगळ्यांत चाकं कोरी होती, पट्ट्या चकचकीत, रस्ता कोरडा. मला चाळीस हजार किलोमीटर चाललेलं चाक बघायचं आहे. पाच-सहा उन्हाळे दारात उभं राहिलेलं, कडेला घासलेलं, आत चिखलाची पुटं चढलेलं. ते कुणीतरी मधोमध कापावं आणि कॅमेरा जवळ न्यावा. किती पट्ट्यांना चिरा गेल्या? पहिली तुटली तेव्हा चालवणाऱ्याला कळलं का, की दहावी तुटल्यावर कळलं? हवेचा टायर बसायला लागला की निदान स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, गाडी जड होते, आधी सांगते. हे चाक जाण्याआधी काय सांगतं, एवढंच दाखवा. मग मी रांगेत उभी राहीन, बऱ्यापैकी पुढे.